चौथा जोड

१

बडोद्याहून फोटोग्राफी शिकून परत आलो त्याच आठवड्यात मी ठरवलं, की सुजातानगरचा एक लांब फोटो करायचा. सगळी घरं, सगळी माणसं, एका चौकटीत. १९८० चा जानेवारी होता. नाशकात इंदिरानगरच्या पलीकडे जिथं डांबरी रस्ता संपून द्राक्षांचे मांडव सुरू व्हायचे, तिथं आमची वसाहत होती. मैदानाभोवती अर्धगोलात एकतीस घरं, मैदानाच्या मधोमध हापसा आणि उजव्या टोकाला नवं विहार. विहाराचं उद्घाटन बुद्धपौर्णिमेला होतं, आणि आतली लांब भिंत अजून कोरी होती.

ती भिंत बघताच मला फोटो दिसला. लताबाई शाळेत शिकवायच्या आणि वसाहतीचं सगळं पाहायच्या. त्यांना मी तासभर समजावलं, की आजवर आपले फोटो दुसऱ्यांनी काढले, त्यांना हवे तसे काढले, त्यांना हवे तेवढेच काढले. हा फोटो आपण आपला काढायचा आणि त्यात एकही माणूस बाहेर राहता कामा नये. लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाषण संपलं असेल तर चहा घे. निवतोय.”

त्या हसल्या तरी मला राग आला नाही. माझ्या बोलण्याच्या मुळाशी काय आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

निफाडच्या बाजूला गोदाकाठी आमचं गाव. १९६२ साली तिथल्या पुढाऱ्यांनी ‘गावाचा फोटो’ काढायला नाशिकहून फोटोवाला आणला होता. आमच्या वस्तीलाही बोलावणं होतं. माझी आई, मैना, धुतलेलं लुगडं नेसून दोन तास उन्हात उभी राहिली. फोटो कचेरीत लागला तेव्हा कळलं, आमची रांग सुरू होते तिथंच कागद संपत होता. वडिलांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मी विचारत होतो, आईचा एखादा फोटो आहे का. नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये मला नागपूरच्या वसतिगृहात धाडलं. मी नऊ वर्षांचा. निफाडच्या स्टँडवर एसटी सुटली तेव्हा मी खिडकीतून मागं पाहिलं, तर आई पाठ करून उभी होती. रडणं दिसू नये म्हणून असेल. डावा हात मागं घेऊन तिनं उजवा कोपर घट्ट धरला होता. थंडीत ती गेली. पत्र मला आठ दिवसांनी मिळालं. वडिलांनी गाव सोडलं आणि नाशकात गवंडीकाम धरलं.

मला तिचा आवाज आठवतो. तिचं तोंड आठवत नाही. ती पाठच आठवते.

२

लांब फोटो एका फटक्यात निघत नाही. कॅमेरा मधोमध ट्रायपॉडवर ठेवायचा आणि एकेक फोटो घेत थोडा थोडा उजवीकडे फिरवायचा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुन्हा यायला हवा. तोच सामाईक पट्टा जोडाच्या कामाचा. प्रिंट एकावर एक ठेवायच्या, भिंतीची कड किंवा दाराची चौकट धरून दोन्ही कागद एकदम कापायचे, कडा मागून काचपेपरनं घासून पातळ करायच्या आणि खळीनं चिकटवायच्या. एकच नियम कडक आहे. ब्लेड माणसावरून न्यायचं नाही. जोडात माणूस आला तर तो दोन्ही कागदांत असतो. एकातला ठेवायचा, दुसऱ्यातला काढायचा.

रविवारी सकाळी आठला सगळे आपापल्या दारापुढे उभे राहिले. लताबाईंच्या हातात यादी होती; त्यांनी घरोघर फिरून खुणा केल्या. कुणी आजारी नाही, कुणी गावाला नाही, पाहुणा कुणी नाही. पोस्टात कारकून असलेला जयराम सारखा विचारत होता, पोट आत घेतलंय ते सोडायचं कधी. चंद्रभागा आजी भाजीची पाटी घेऊन रोज भद्रकालीच्या बाजारात बसायची. ती शेळीला धरून उभी. शेळी नको म्हटल्यावर म्हणाली, “तिला नाव हाय. तुज्या यादीत नसंल तर लिही.” मी लिहायला लावलं. यादीत कुणीच राहायला नको होतं.

माझे वडील, कोंडाजी, उजव्या टोकाला विहाराच्या पायऱ्यांपाशी उभे होते. त्या पायऱ्या त्यांच्याच हातच्या. टोपी काढायची की ठेवायची हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

पाच फोटो घेतले. दोहोंमध्ये दहा-बारा सेकंद. कुणी हललं नाही. शेवटचा खटका पडला आणि जयरामनं असा श्वास सोडला, की सगळी रांग हसली.

३

अशोक स्तंभाजवळ सावळीरामच्या सायकल दुकानामागची खोली मी डार्करूमसाठी घेतली होती. सोमवारी दुपारी पाचही निगेटिव्ह एन्लार्जरवर चढवल्या. सगळ्यांना सारखाच प्रकाश, सारखाच डेव्हलपर; नाहीतर आकाशाचा रंग प्रत्येक कागदावर वेगळा येतो. धुऊन, वाळवून, पाच कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि ट्यूबलाइट लावली.

दुसऱ्या कागदाच्या डाव्या काठाशी एक बाई उभी होती.

पहिल्या कागदात त्याच जागी नुसती भिंत होती. लताबाईंच्या घराची, चुन्याची, कोरी भिंत. दुसऱ्यात त्या भिंतीपुढे नऊवारी नेसलेली बाई, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

कुणीतरी मधेच आलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. दहा सेकंद पुष्कळ असतात. मग तिसरा कागद पाहिला. त्याच्याही डाव्या काठाशी ती होती. ती जागा चंद्रभागा आजीची. दुसऱ्या कागदाच्या उजव्या टोकाला आजी शेळीसकट तिथंच उभी. तिसऱ्यात आजीच्या जागी ही, पाठमोरी. चौथ्या कागदात जयरामच्या जागी. पाचव्यात वडिलांच्या.

बाई कॅमेऱ्याबरोबर पुढं पुढं चालत गेली, असं धरून चाललो. पण मग आजी दहा सेकंदांत कुठं गेली? शेळी कुठं गेली? वडील पायऱ्या सोडून हलले असते तर मला दिसलं नसतं का? मी निगेटिव्ह भिंगाखाली धरल्या. तिथंही तेच. डाग नव्हता, दोनदा पडलेला प्रकाश नव्हता. तिच्या पायांपाशी तिची सावली होती आणि ती सगळ्यांच्या सावल्यांच्याच दिशेला पडली होती.

मग मी तिचे हात पाहिले. डावा हात मागं, उजवा कोपर घट्ट धरलेला.

पाठीमागं सावळीराम हातपंपानं कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता. तो आवाज थांबेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

४

पहिला जोड सोपा होता. भिंत ठेवायची की बाई, एवढंच. मी बाई ठेवली. मनाशी म्हटलं, चौकट भरलेली दिसते. खळ लावली, वर टीपकागद ठेवून लाटणं फिरवलं.

दुसऱ्या जोडाकडे वळलो, तर तिसऱ्या कागदातल्या बाईचा कान दिसत होता.

आधी तो दिसत नव्हता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ओल्या कागदावर बारकावे बुजतात, हे मी बडोद्यात शिकलो होतो. पण कागद वाळून तास झाला होता. मान किंचित वळली होती. कानात काही नव्हतं, नुसतं भोक.

आता इथं काय घडलं ते नीट लिहायला हवं, कारण पुढं मी स्वतःला पुष्कळ वेगळं सांगितलं आहे. चंद्रभागा आजीचे डोळे मिटलेले आले होते, हे खरं. म्हणून तिला काढलं, हे खोटं. बाईला जागा दिली की ती वळते, हे मला कळलं होतं, आणि मला तिचं तोंड हवं होतं. आजीला नंतर दुसऱ्या प्रिंटमधून कापून कुठंही बसवता येईल, असं मी ठरवलं. ब्लेड शेळी आणि आजी यांच्या मधल्या दोरीवरून नेलं, शेळी तेवढी राहू दिली आणि आजीचा पट्टा खाली टाकला.

जोड वाळला. चौथ्या कागदातल्या बाईचा गाल दिसू लागला.

जयरामच्या जोडाला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. घाईत काचपेपर फिरवायला विसरलो. ती कड आजही बोटाला लागते. मग मी पाचवा कागद दिव्याखाली धरला. तिथं, वडिलांच्या पायऱ्यांवर, बाई आता एका अंगानं दिसत होती. कपाळ, नाकाचा शेंडा, खाली पाहणारी पापणी. आणखी थोडी वळली की झालं.

संध्याकाळ झाली होती. मी दार ओढलं आणि सायकल न चालवता हातात धरून घरी गेलो. अठरा वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता.

५

बुधवारी सकाळी हापशावर लताबाई शेळीला पाणी पाजत होत्या. चंद्रभागा आजी बरी आहे ना, असं मी विचारलं.

लताबाई थांबल्या. एखादा शब्द जिभेवर यावा आणि निसटावा, तसं त्यांचं तोंड झालं. मग म्हणाल्या, “हां, चंद्रभागा. ती येवल्याला गेली ना लेकीकडं.”

कधी गेली, ते त्यांना सांगता आलं नाही. माणसं लेकीकडं जातात. यात काही नाही, असं म्हणून मी वळलो, आणि मग विचारलं, की शेळी तुमच्याकडे ठेवून गेली का.

“ही? ही आमचीच की.”

जयरामच्या दाराला कुलूप होतं. शेजारी रंगनाथ मास्तर राहायचे. त्यांनीही आधी माझ्याकडे नुसतं पाहिलं, मग सांगितलं, की बदली झाली, मालेगाव की कुठं. एका दिवसात बदली होते का, असं मी विचारलं तर म्हणाले, सरकारी काम, होतही असेल. उद्घाटनाला कुणी कुठं बसायचं याचा कागद विहाराच्या दारावर लावला होता. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. दोन्ही नावं नव्हती. खोडलेलीही नव्हती.

मी धावत खोलीवर गेलो. दुसरी निगेटिव्ह चढवून नवी प्रिंट काढली. लाल उजेडात डेव्हलपरच्या ताटात कागद हलवत राहिलो. आधी पत्र्याची काळी रेघ आली, मग खिडकी, मग उंबरा. आजीच्या जागी भिंत आली. मी कागद ताटात ठेवून वाट पाहिली, काळा पडेपर्यंत. कापलेला पट्टा केरात शोधला, सापडला. त्यावरही भिंत होती. तिसऱ्या निगेटिव्हमध्ये शिरून मी जयरामला शोधलं. तिथं एक बंद दार होतं.

आमच्या गावातल्या त्या फोटोवाल्याला मी वर्षानुवर्षं मनात शिव्या दिल्या होत्या. त्यानं नुसता कॅमेरा वळवला नव्हता, माझ्यासारखीच माणसं कापली होती, हे मला आता कळलं.

मी ब्लेड कागदात गुंडाळून वरच्या फळीवर टाकलं. चौथा जोड करायचा नाही असं ठरवलं. भिंत कोरी राहिली तरी चालेल.

६

पण पाचवा कागद मी फाडला नाही. गुरुवारी गेलो, शुक्रवारी गेलो. टेबलाशी बसून त्या खाली झुकलेल्या पापणीकडे पाहायचं, एवढंच काम. शनिवारी दुपारी वडील आले. जेवायला का येत नाही म्हणून डबा घेऊन आले होते. टेबलावरचे कागद झाकायला मला वेळ मिळाला नाही.

ते कागदावर वाकले. भिंतीचा ओळंबा बघावा तसा एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. आजीचं, जयरामचं, शेळीचं. चंद्रभागा म्हटल्यावर त्यांच्याही कपाळाला आठी पडली, ओळखीचा माणूस गर्दीत शोधावा तशी.

“ही आईच आहे ना, दादा?” मी विचारलं.

“हात तिचाच हाय.” दादा म्हणाले, “तोंड इकडं करंल तवा सांगतो.”

“ती वळणार नाही. मी कापणार नाही.”

ते स्टुलावर बसले. डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी विचारलं, “तुला तिचं तोंड आठवत नाय ना?”

मी मान हलवली.

“मला ठावं हाय. तू सुट्टीत यायचा तवा माझ्या तोंडाकडं बघत बसायचा. मी समजायचो, ह्यो तिला हुडकतोय.” ते हसले. “माझ्यात कुठली गावणार ती. मी एकलाच धरून बसलोय तिचं तोंड. अठरा वरसं झाली. लय जड झालंय, यादव. तुला देता येत नाय, आन ठिवताबी येत नाय.”

मी म्हणालो, पट्टा कापला तर तुमचं काय होईल ते मला माहीत नाही. ते म्हणाले, काय व्हायचंय, लोक इसरतील. आधी तरी कोण आठवत होतं. मी म्हणालो, मी विसरलो तर? फळीवर हात घालून त्यांनी ब्लेड काढलं.

“बाजूला सर,” ते म्हणाले. “पायरीची कड मला म्हाईत हाय, माझीच हाय.”

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. मोठ्यानं म्हणालो नाही. त्यांनी चौथ्या कागदावर पाचवा ठेवला, पायऱ्यांची रेघ जुळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पट्टी घट्ट धरायला दुसरा माणूस लागतो.

पट्टी मी धरली.

त्यांनी एका दमात, न थांबता, वरून खाली रेघ ओढली. इतका सरळ काप मला बडोद्यातही जमला नव्हता. चौथ्या कागदाचा पट्टा सुटा झाला. त्यावर ते होते, टोपी हातात धरून. त्यांनी तो उचलला, पाहिला आणि खिशात घातला.

“वाळलं की हाक मार,” ते म्हणाले. “मी भाईर बिडी वढतो.”

७

खळ लावली. टीपकागद ठेवला. लाटणं फिरवलं आणि वर दोन जाड पुस्तकं ठेवली. बाहेर हातपंपाचा आवाज चालू होता. वीस मिनिटं मी घड्याळाकडे पाहत बसलो. मग पुस्तकं उचलली.

ती वळली होती.

मी हाक मारली. “दादा!” पुन्हा मारली. बाहेर आलो. सावळीराम ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. दादा कुठं गेले म्हणून विचारलं, तर त्यानं मान वर केली, आणि त्याच्या तोंडावर ते आलं, लताबाईंच्या तोंडावर आलं होतं तेच. “कोण?” तो म्हणाला. “तू तर सकाळपासून एकटाच हायस.”

रस्त्यावर दोन्ही बाजूंना उन्हं होती. अशोक स्तंभापर्यंत धावलो. तिथून स्टँडवर गेलो, निफाडच्या गाडीत चढून पाहिलं. घरी एका माणसाचं अंथरूण होतं. डबा मात्र डार्करूमच्या टेबलावर होता. त्यात दोन भाकरी आणि मेथी. ते मी दुसऱ्या दिवशीपर्यंत खाल्लं नाही, मग खाल्लं.

बुद्धपौर्णिमेला फोटो विहारात लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जो तो आपल्याला शोधत होता आणि जो तो सापडत होता; चारही जोडांवर उभी असलेली बाई कोण, ते कुणी विचारलं नाही. लताबाईंनी भाषणात सांगितलं, की आपल्यातलं एकही माणूस या चौकटीबाहेर नाही. कुणालाच ते खोटं वाटलं नाही. नंतर मी एकदा आमच्या गावी गेलो, ही मैना का असं विचारत तिथल्या म्हाताऱ्यांना पायऱ्यांवरच्या बाईची वेगळी प्रिंट दाखवली. त्यांनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. एकजण म्हणाला, असंलही. दुसरा म्हणाला, आमी तुमच्या वस्तीच्या अंगाला कवा जातच नव्हतो.

आता ८४ साल चालू आहे. विहाराची किल्ली माझ्याकडे असते. रोज सकाळी दार उघडून मी त्या भिंतीपुढे उभा राहतो. ती चौथ्या जोडाशी, पायऱ्यांवर, सरळ समोर पाहते. तिशीतली बाई आहे. रुंद कपाळ, ओठ जरा दाबलेले. देखणी म्हणता येईल. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, तोंड दिसलं की आठवेल. कुठंतरी आत एकदम दिवा लागेल. लागला नाही. आजही लागत नाही. आणि तिच्या नजरेतही ओळख नाही. परक्या फोटोवाल्याकडे माणूस बघतं, इथं उभी राहू ना, असं विचारत, तशी ती माझ्याकडे बघते.

आई असेल तर तिचंही बरोबर आहे. तिनं पाठ फिरवली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आता एकतीस वर्षांचा, चष्मा लावलेला, दाढी राखलेला कुणीतरी रोज येऊन तिच्याकडे टक लावून बघतो. तिनं कसं ओळखावं?

आम्हा दोघांची ओळख करून देऊ शकेल असा जगात एकच माणूस होता. त्याची जागा मी तिला दिली.